बरी झाले म्हणाले

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. अमरावती

खोटं बोलले. माईकवर. चारपाचशे बायकांसमोर, देवाचं नाव घेऊन.

लिहून ठेवते. नाहीतर चार दिवसांनी मलाच ते खरं वाटायला लागेल.

संजीवन सभेचा शेवटचा दिवस होता. दुपारची वेळ फक्त बायकांची. आमच्या अकोल्याच्या चर्चची मंडळी पुढेच बसलेली — पाळकाची बायको म्हणून मी अगदी पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई. नागपूरहून आलेल्या पाहुण्या भगिनी बोलल्या छान. मग म्हणाल्या, ज्यांना बायकांचं दुखणं आहे, कुणाला सांगता येत नाही असं, त्यांनी पुढे यावं. कोणी हलेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'ताई, तुम्ही या. म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.'

गेले. त्यांच्या कानात सांगितलं — पिशवी खाली आली आहे, सहा वर्षं झाली. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तोंडातून काढले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मला रडूच फुटलं. ते रडणं खरं होतं. तेवढंच खरं होतं.

मग माईक माझ्या तोंडासमोर. 'काय झालं? सांगा सगळ्यांना!'

आणि मी म्हणाले, 'बरी झाले. प्रभूने मला बरं केलं.'

टाळ्या. हालेलुया. माझ्यामागे बायकांची रांगच लागली.

स्टेजच्या चार पायऱ्या उतरले तर अंग पुन्हा बाहेर. खुर्चीपर्यंतही पोचले नव्हते.

निघताना जयवंताबाईने हात धरला. पातूरजवळच्या आमच्या छोट्या मंडळीतली, शेतात राबणारी बाई. माझ्याच वयाची असेल, दिसते साठीची. कानाशी येऊन म्हणाली, 'पिशवीचंच होतं का व बाई?' मी मान हलवली. 'मले बी तेच हाय. अकराले तारीख देल्ली दवाखान्यानं.' मी तिचा हात दाबला. म्हणाले, 'प्रार्थना करू.'

प्रार्थना करू! दुसरं काही सुचलं नाही मला?

१७ फेब्रुवारी, सोमवार. अकोला

बसमध्ये ह्यांनी खिडकीची जागा दिली. 'आता उठबस सोपी झाली असेल ना?' इतके खूश! त्यांना आजवर कंबरदुखी एवढंच माहीत होतं. मी 'हो' म्हणाले. आता त्यांच्याशीही खोटं.

सासूबाई वाटभर गप्प. थकल्या असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

महिला संघाची बैठक. विषय माझाच, महिनाभर आधी ठरलेला — संकटातही उपकार मानणे. टिपणं तयार होती. ती बाजूलाच राहिली. वर्षाली, आमची चिटणीस, म्हणाली, 'ताई, आज फक्त तुमची साक्ष सांगा. ज्या अमरावतीला नव्हत्या त्यांना ऐकू द्या.'

सांगितली. आणि काय भयंकर गोष्ट — दुसऱ्यांदा सांगताना ती जास्त चांगली झाली. ओटीपोटात ऊब पसरल्यासारखं वाटलं, म्हणाले. कुठली ऊब? घाम होता. मांडवात पंखेच नव्हते.

एकीने डोळे पुसले. मी तिला जवळ घेतलं.

घरी आल्यावर बाथरूमची कडी लावून बसले. कपडा बदलला, धुतला, साडीच्या आड वाळत घातला. सहा वर्षं हेच. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचं, लांबच्या प्रवासाला नाही म्हणायचं, हसू आलं की आधी पाय आवळायचे. लोक म्हणतात पाळकीणबाई जरा ताठ आहेत. असू दे, मला तेच बरं वाटायचं.

२ मार्च, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून पातूरकडे. उपासना जयवंताच्याच अंगणात, निंबाखाली. ती चेहऱ्याने सुकलेली. भाकरीचं ताट पुढे केलं तर म्हणाली, 'मले नाय. मी उपास धरला. तुमच्यासारखं होऊन जाईन आता.'

तिच्या नवऱ्याने, जानरावने, माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं. मी सतरंजी घडी करायला वळले.

दवाखान्याच्या तारखेचं विचारलंच नाही मी. विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

११ मार्च, मंगळवार

आज अकरा तारीख. फोन करावा म्हणून तीनदा नंबर काढला. केला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

काल कपड्यावर रक्त दिसलं. घाबरले. आज 'बांगड्या बदलून येते' सांगून मोर्णेच्या पुलापलीकडे गेले, जुन्या शहरात. तिथे आमच्या मंडळीचं कोणी राहत नाही. डॉ. गजाला यांचा दवाखाना एका अत्तराच्या दुकानावर, जिना चढून. बाकावर सगळ्या बुरख्यातल्या बायका, त्यांत मी एकटी साडीवाली. एकीने सरकून जागा दिली. 'आओ आपा, बैठो.'

तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'किती वर्षं?'

'सहा.'

'छह साल! किसका इंतज़ार कर रही थीं आप?' मग मराठीत, हळू, 'घरी कोणाला माहीत आहे?'

काय सुचलं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. सभा, माईक, टाळ्या. मला वाटलं, हसतील. नाही तर म्हणतील, तुम्हा लोकांचं असंच. त्यांनी हात धुतले, पुसले. म्हणाल्या, 'माझ्याकडे बायका येतात त्या असंच काहीतरी सांगून आलेल्या असतात. कुणी मावशीला भेटायला, कुणी भाजी आणायला. तुम्ही जरा मोठं सांगितलं. ऑपरेशन लागेल. तोवर रिंग बसवते.'

रबराचं एक कडं! एवढंसं. पूल ओलांडताना मधेच थांबले. काही खाली ओढत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ चालले. तिथेच, रिक्षांच्या गर्दीत, तोंडातून निघालं — प्रभू, तुझे उपकार. आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्या तोंडाने उपकार मानते आहे मी? तू बरं केलंस असं सांगून झालंय ना तुझ्याच नावाने!

बांगड्या घ्यायच्या विसरले. कोणी विचारलंही नाही.

२३ मार्च, रविवार

प्रभुभोजन. पेला हातात आला तेव्हा तसाच पुढे सरकवला; मनात खोटं ठेवून तो घेता येत नाही. ह्यांनी पाहिलं. 

६ एप्रिल, रविवार

 आजचं सगळं लिहायचं आहे.

पातूरकडे गेलो. निंबाखाली सतरंजी होती, जयवंता नव्हती. जानराव म्हणाला, 'पडली हाय घरात. ताप हाय.' ह्यांनी उपासना सुरू केली. मी आत गेले.

खोलीत शिरल्या शिरल्या वास आला. काय आहे ते मला लगेच समजलं. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला समजलं नसतं. ती खाटेवर कुशीवर, पाय पोटाशी. कपाळ तव्यासारखं. कालपासून लघवी अडलेली. बाहेर आलेल्या अंगाला जखम झाली होती, चिघळली होती. तीन आठवडे कोणाला दाखवलं नव्हतं.

'अकराले गेली नाहीस?'

'नाय गेली. कशाले जायाचं? तुमी कोठी गेल्त्या?'

मी खाटेशी खाली बसले. बाहेर गाणं चालू होतं. म्हणाले, 'जयवंता, मी बरी नाही झाले. त्या दिवशीही नाही, आजही नाही. मी खोटं बोलले. मी डॉक्टरकडे गेले, चोरून. आत रिंग बसवली आहे, म्हणून चालते आहे.'

ती बघतच राहिली. मला वाटलं तापात कळलं नसेल. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली,

'म्हंजे माया विश्वास कमी नव्हता?'

मी नाही म्हणून मान हलवली.

'मी रोज म्हणू व बाई, देवा, पाळकीणबाईले देल्लं, मले काहून नाय देत? माया पोटात पाप कोणतं हाय थे तरी सांग. मी सारं आठवू आठवू पाह्यलं. पोरगी असताना सासूले उलटं बोलली थे बी आठवलं. त्याची बी माफी मांगतली.' ओठ सुकलेले, पण बोलत राहिली. 'अन् तुमी खोटं बोल्ल्या.'

मी तिचे पाय धरले. तिने पाय ओढून घेतले. बरोबर केलं.

बाहेर आले. ह्यांचा शास्त्रपाठ चालू होता. मधेच जाऊन म्हणाले, 'थांबवा. गाडी काढायची आहे. जयवंताला अकोल्याला न्यायचंय, आत्ता.' ते काहीतरी म्हणणार होते. माझा चेहरा पाहून थांबले. जानरावने आणि त्यांनी तिला खाटेसकट उचलून गाडीपर्यंत नेलं. वाटभर तिचं डोकं माझ्या मांडीवर. पर्याय नव्हता, दुसरी बाई गाडीत नव्हती. ती डोळे मिटून होती, आणि मला माहीत होतं की ती झोपलेली नाही.

रविवार असून गजालाबाई आल्या. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'आणखी दोन दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते.'

७ एप्रिल, सोमवार

ताप उतरतोय. आधी जखम भरायला हवी, तीनचार आठवडे. मग ऑपरेशन. जिवावरचं टळलं.

मी डबा घेऊन गेले. तिने भिंतीकडे तोंड केलं. जानरावने डबा घेतला आणि अवघडून म्हणाला, 'ठेवा बाई.'

८ एप्रिल, मंगळवार

काल ह्यांना सांगितलं. चहा गार होईपर्यंत ऐकत होते.

पहिलं वाक्य — 'सहा वर्षं? मला नाही सांगितलंस?'

मी म्हणाले, 'तुम्ही विचारलं नाही.'

'कंबर म्हणायचीस तू.'

'कंबर म्हटल्यावर तुम्ही पुढे विचारायचा नाहीत.'

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, 'मी मांडवाबाहेर होतो तेव्हा. स्पीकरवरून तुझा आवाज आला. मी सगळ्यांसमोर रडलो.' हे मला माहीत नव्हतं. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मी म्हणाले, रविवारी मंडळीत सांगणार आहे. ते म्हणाले, 'जयवंताला सांगितलंस. मला सांगितलंस. पुरे ना? लोक विसरतील. पाळकाच्या घरचं आहे, जरा विचार कर.'

'विसरतील कसे? माझी साक्ष ऐकून आणखी कोण घरात पडून असेल, मला काय माहीत!'

उठून गेले. आज सकाळी बूट घालताना, माझ्याकडे न बघता, 'शास्त्रपाठानंतर पाच मिनिटं ठेवतो तुझ्यासाठी.'

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. मुलं झावळ्या घेऊन गात आत आली. मंडळी भरलेली. उपदेशाच्या पुलपिटाला धरून उभी राहिले.

काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं: 'फेब्रुवारीत मी सांगितलं की मी बरी झाले. ते खोटं होतं. मला लाज वाटत होती म्हणून दुखणं लपवलं, आणि टाळ्या हव्या होत्या म्हणून बरी झाले म्हणाले. माझ्यामुळे एका बहिणीचा जीव जाता जाता राहिला. प्रभूने मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.' मग दुखण्याचं नाव घेतलं. पुरुष बसले होते तरी घेतलं. 'अंग बाहेर येतं. पिशवी खाली सरकते. याला औषधोपचार आहे. पाप नाही ते.'



मागचे दोघं उठून गेले. आणि मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. काठी टेकत, सगळ्यांच्या देखत, मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या. एकदाही वळून पाहिलं नाही.

उपासनेनंतर हात मिळवायला कोणी आलं नाही. वर्षाली आली, चप्पल घालत घालत म्हणाली, 'ताई, संघाचं सध्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगू का? तुम्हाला आराम होईल.' मी हो म्हणाले. तिचं चूक नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाले, 'आई, माझं चुकलं.' त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

१५ एप्रिल, मंगळवार

सासूबाई बोलत नाहीत. ताट नेऊन ठेवलं की जेवतात. काही हवं असेल तर ह्यांना सांगतात. पंचवीस वर्षं या घरात त्यांचा आवाज पहाटेपासून — हे काहून सांडलं, थे काहून उघडं. आता ऐकायला मिळेना तर घर खायला उठतं.

ह्यांनी समजावून पाहिलं. 'आई, तिने खरंच सांगितलं ना?' तर म्हणे तोंड फिरवून बसल्या.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

मागच्या बाकावर बसले. तिथून क्रूस लहान दिसतो.

२० एप्रिल, रविवार

पुनरुत्थानाचा दिवस. पहाटेच्या उपासनेनंतर दवाखान्यात गेले, उकडलेली अंडी आणि शिरा घेऊन. जयवंता बसलेली होती, केस विंचरत. आज भिंतीकडे वळली नाही.

म्हणाली, 'आमचा मानूस सांगे तुमी देवळात सारं सांगतलं म्हणते. मानसायपुढं.'

'हो.'

'मायं नाव घेतलं?'

'नाही घेतलं.'

'बरं केलं.' मग फणी बाजूला ठेवून, 'बाई, मले राग हाय. खोटं काहून बोलू? हाय. जाईन तवा सांगीन तुमाले.'

'नाही गेला तरी चालेल.'

'जाईन व. पण आज नाय.' आणि शिऱ्याचा डबा पुढे ओढून घेतला.

पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटलं! खरा राग मिळाला मला. खोट्या कौतुकापेक्षा तो किती स्वच्छ! याचे उपकार मानायला मला आज लाज वाटली नाही. संघात वर्षानुवर्षं उपकारस्तुतीवर बोलत आले, आणि हे एवढं साधं मला शिकवलं ते जयवंताच्या रागाने.

२७ एप्रिल, रविवार

प्रभुभोजन. ह्यांनी पेला माझ्यासमोर धरला आणि थांबले. मी घेतला.

८ मे, गुरुवार

जयवंताचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. गजालाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, 'अल्लाह का शुक्र है.' जानराव म्हणाला, 'प्रभूचे उपकार.' दोघंही एकमेकांकडे बघून हसले.

शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं. अजून द्यायचं नव्हतं. ओला कापूस ओठांना लावत बसले. तिने बोट धरलं माझं. गुंगीत असेल. तरी मी तासभर हलले नाही.

१२ मे, सोमवार

माझी तारीख ठरली. २६ मे. ह्यांनी स्वतः फॉर्मवर सही केली आणि डॉक्टरीणबाईंना एक एक प्रश्न विचारला — किती दिवस झोपून, काय खायचं, किती उचलायचं. सहा वर्षांचे प्रश्न एकदम! मी हसले. पाय न आवळता हसले.

जयवंता उद्या घरी जाते. आज म्हणाली, 'तुमच्या टायमाले मी येईन. बसाले येईन नुसती, काम नाय करनार.' मग डोळे मिचकावून, 'डाक्टरनं नाय सांगतलं जड उचलाले.' राग गेला का, विचारलं नाही.

फक्त सासूबाई. महिना होत आला. २६ तारखेचं ह्यांनी सांगितलं तेव्हाही एक शब्द नाही. पाळकाच्या घराची अब्रू मी वेशीवर टांगली, ते त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत. त्यांची मी माफी मागत राहीन. एवढंच हातात आहे.

१७ मे, शनिवार

सकाळी आमरसासाठी आंबे पिळत होते. सासूबाई आल्या. स्वयंपाकघराचं दार आतून लोटलं. काठी भिंतीला टेकवली.

'त्या डाक्टरीणबाईले इचार,' म्हणाल्या. 'पंचेचाळीस वर्सं झाले असतीन तं होते का म्हना काही.'

मला आधी कळलंच नाही.

'त्या दिसी अमरावतीले मी बी लाईनमंदी उभी राह्यली होती, तुया मांगं. तू बरी झाली म्हनली. मी तशीच. मले वाटलं, देवानं सून पाह्यली अन् सासू पाह्यली नाय.'

त्या रविवारी मंडळीतून सासूबाई रागाने उठल्या नव्हत्या.

आणि तीन महिने मी त्यांना रोज ताट वाढत होते.